हिवाळी सुट्टीत मायदेशी जाताना: आखणी परतीच्या टोकापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशात राहणारं चौघांचं कुटुंब डिसेंबरच्या मध्यावर तीन आठवड्यांसाठी मायदेशी जाणार आहे. मोठं मूल सात वर्षांचं, धाकटं तेवीस महिन्यांचं. मायदेश पूर्वेला, घड्याळ नऊ तास पुढे, वाटेत एकदा विमान बदलायचं. मागे कुलूपबंद राहणारं घर थंड हवेच्या गावात, जिथे पारा शून्याखाली जातो. विचारलं आहे ते एवढंच: तिकीट कसं घ्यावं आणि पोरांना विमानात कसं सांभाळावं.

विमानातले बारा-चौदा तास रडतखडत का होईना, निघून जातात. अशा सहलींचं घोडं अडतं ते दुसरीकडेच: परतीच्या कागदपत्रांवर, मधल्या विमानतळावर आणि दोन्ही टोकांच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणून आखणी उलटीकडून करावी. शाळा आणि नोकरी कधी सुरू होते ते बघा, त्याच्या किमान तीन दिवस आधी घरी पोचायचं ठरवा आणि तिथून मागे मोजत जा. रविवारी रात्री उतरून सोमवारी शाळा हा बेत कागदावर रजा वाचवतो; प्रत्यक्षात मूल आठवडाभर वर्गात पेंगतं आणि एखादं विमान चुकलं तर सावरायला एक दिवसही हातात नसतो.

आता कागद. पर्यटकाला परतीची चिंता नसते, कारण तो स्वतःच्या देशात परततो. तुम्ही मात्र परतताना परक्या देशाच्या दारात उभे असता. रेसिडेन्स परमिट किंवा व्हिसा परतीच्या तारखेनंतरही चालू आहे ना, तो पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलं तर अर्ज रद्द तर होत नाही ना, हे तिकिटाच्या आधी तपासायचं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात. इथे मुलांचा पासपोर्ट दगा देतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा बहुतेक देशांत पाच वर्षांचा. तो मध्येच कधी संपत आला, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाचा पासपोर्ट वकिलातीतून काढलेला असतो, पण राहत्या देशाचा त्याचा स्वतंत्र परवाना काढायचा राहून गेलेला असतो. जाताना कुणी अडवत नाही, येताना मात्र काउंटरवर अडवतात.

काउंटरवरचा माणूस मनाने काही ठरवत नाही. तो ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टायमॅटिक या प्रणालीत तुमचं नागरिकत्व, परवाना आणि मार्ग भरतो आणि ती जे सांगेल ते करतो. अपुऱ्या कागदांच्या प्रवाशाला नेलं तर दंड आणि परत आणण्याचा खर्च विमान कंपनीच्या माथी येतो. त्यामुळे तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. शंका असेल तर प्रवासाआधी कंपनीला हीच तपासणी करायला सांगा. आईवडिलांपैकी एकच जण मुलांसोबत जाणार असेल, किंवा एक जण आठवडाभर उशिरा येणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ हवी. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर हमखास.

मधल्या विमानतळाची निवड भाड्यावरून करू नका, नियमांवरून करा. अमेरिकेत विमानतळाबाहेर न पडता विमान बदलण्याची सोयच नाही. तिथे प्रत्येक प्रवासी इमिग्रेशनमधून जातो, म्हणजे त्याच्याकडे व्हिसा किंवा प्रवासाची मंजुरी असावीच लागते. ब्रिटन आणि शेंगेन देश (आपसातली सीमातपासणी काढून टाकलेले युरोपीय देश) काही नागरिकत्वांच्या प्रवाशांकडे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. शेंगेनमध्ये आणखी एक खाच आहे. फ्रँकफर्टला उतरून थेट बाहेरच्या देशाचं विमान घेतलं तर तुम्ही आंतरराष्ट्रीय भागातच राहता. पण फ्रँकफर्टहून पॅरिस आणि मग पुढे असा मार्ग असेल, तर मधला टप्पा देशांतर्गत धरला जातो. म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये प्रवेश केला, आणि त्यासाठी पूर्ण व्हिसा लागतो. तिकीट विकणारं संकेतस्थळ हे सांगेलच असं नाही. घरात दोन नागरिकत्वं असतील तर ही तपासणी प्रत्येकाच्या पासपोर्टनिशी वेगळी करावी लागते.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचतात हे खरं, पण पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही ‘आलाच नाहीत’. तिकीट बुडतं आणि ऐन हंगामात चार जागा नव्याने शोधाव्या लागतात. शिवाय सामान मध्ये ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे इमिग्रेशन आलं, म्हणजे पुन्हा व्हिसा. एका तिकिटावर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. याच तिकिटाची उलटी बाजूही लक्षात ठेवा: त्यातला एखादा टप्पा तुम्ही आपणहून गाळलात, समजा शेवटचं छोटं विमान सोडून नातेवाइकांच्या गाडीने गेलात, तर पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, आपोआप रद्द होऊ शकतात. तसं करायचं असेल तर आधी कंपनीकडून तिकीट बदलून घ्या.

दोन विमानांमधला किमान वेळ संगणक काढतो तो सडाफटिंग माणसासाठी. बाबागाडी, लंगोट बदलणं, स्वच्छतागृहाची रांग, पुन्हा सुरक्षा तपासणी, हे त्यात धरलेलं नसतं. लहान मुलं बरोबर असतील तर अडीच तासांपेक्षा कमी अंतर घेऊ नका. हिवाळ्यात बर्फाच्या विमानतळावर तीन-चार तास बरे. कारण असं की, पंखांवर बर्फ असताना विमान उडवता येत नाही. गरम ग्लायकॉल-मिश्रित द्रव फवारून बर्फ काढतात, मग नवा बर्फ धरू नये म्हणून दाट द्रवाचा थर देतात. त्या थराचा प्रभाव ठरावीक मिनिटंच टिकतो. धावपट्टीच्या रांगेत ती मिनिटं संपली की विमान परत फवारणीला जातं. विमानागणिक असा वेळ साचत जातो, म्हणून संध्याकाळची विमानं सकाळच्यांपेक्षा जास्त रखडतात. जोडविमान दिवसातलं शेवटचं नसावं. ते चुकलं की रात्र विमानतळावर काढावी लागते.

धाकट्याचं वय हा या प्रश्नातला सगळ्यात महागात पडणारा तपशील आहे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून जाऊ शकतं आणि आंतरराष्ट्रीय मार्गावर त्याचं भाडं साधारणपणे मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास, अधिक कर, असं असतं. पण वय मोजलं जातं ते प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला. तेवीस महिन्यांचं मूल तीन आठवड्यांच्या मुक्कामात दोन वर्षांचं झालं तर परतीला त्याला स्वतंत्र सीट लागते. हे परतीच्या दिवशी काउंटरवर कळलं आणि विमान भरलेलं असेल, तर चौघंही खालीच राहतात. बुकिंग करतानाच फोन करून परतीची सीट घ्या. माझं मत विचाराल तर दोन्ही वेळेला घ्या. या वयाचं बारा किलोचं मूल रात्रभर मांडीवर धरणं पालकालाही झेपत नाही. शिवाय वादळी हवेत मांडीवरचं मूल हाताने धरून राहत नाही, हे साधं भौतिकशास्त्र आहे.

बॅसिनेटवर भिस्त ठेवू नका. पुढच्या भिंतीला लावायच्या त्या पाळण्याची वजनमर्यादा कंपनीगणिक बदलते, पण दोन वर्षांचं मूल त्यात लांबीलाच मावत नाही. मग पुढची भिंतीजवळची रांग घेण्यातही अर्थ उरत नाही. तिथे हातांच्या दांड्या वर होत नाहीत, कारण ट्रे त्यातच असतो. उड्डाण आणि उतरताना पायांशी बॅगही ठेवता येत नाही. नेहमीच्या रांगेत दांड्या वर करून धाकट्याला आडवं करता येतं. चौघांची जागा निवडण्याचे पैसे सरळ भरा. कंपनीने वाटलेल्या जागांवर विसंबलात तर सात वर्षांचं मूल सहा रांगा मागे जातं आणि मग अनोळखी लोकांना विनवण्या करत बसावं लागतं.

सामानाचं बघू. बहुतेक लांब पल्ल्याच्या तिकिटांवर नगांचा हिशेब असतो: दर माणशी एक किंवा दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. मर्यादा बॅगेला असते, कुटुंबाला नाही. एक २७ आणि दुसरी १९ म्हणजे सरासरी बरोबर, पण दंड लागणारच. ३२ किलोवरची एक बॅग सहसा उचललीच जात नाही. हवा काढून टाकणाऱ्या पिशव्यांनी जाड कपड्यांचं आकारमान कमी होतं, वजन नाही. उलट जागा दिसते म्हणून माणूस आणखी भरतो. प्रत्येकाची बॅग वेगळी न भरता चौघांचे दोन-दोन दिवसांचे कपडे प्रत्येक बॅगेत वाटून टाका. एक बॅग मागे राहिली तरी कुणी उघडं पडत नाही. जाड कोट अंगावर किंवा हातात ठेवा आणि मुलांचा एकेक जादा जोड केबिनमध्ये. भेटवस्तू कागदात गुंडाळून नेऊ नका, तपासणीत कागद फाडतात. पाणी भरलेले शोभेचे काचेचे गोळेही द्रवातच मोजले जातात, ते चेक-इन बॅगेत.

पॉवर बँक फक्त केबिनमध्ये न्यायची, चेक-इन बॅगेत कधीच नाही. मर्यादा वॉट-तासांत असते: १०० पर्यंत मुभा, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी, त्यावर बंदी. हिशेब सोपा आहे. मिलीअँपिअर-तासांना ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची आणि २६,८०० ची ९९ च्या जरा वर. आकडा पुसलेला असेल तर सुरक्षा कर्मचारी ती काढून घेऊ शकतात. २०२५पासून अनेक कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायला किंवा वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आहे, तेव्हा टॅबलेट घरूनच पूर्ण चार्ज करून न्या. बॅटरीच्या खेळण्यांतले सेल काढून ठेवा. सामानात वाजू लागलेलं खेळणं बॅग उघडायला लावतं. द्रवाचा १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला, खाण्याला आणि औषधांना प्रवासाला पुरेल इतक्या प्रमाणात लागू होत नाही, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. काही विमानतळांनी नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल केला आहे. त्याच्या भरवशावर मोठी बाटली नेली आणि मधल्या विमानतळावर जुनाच नियम असला, तर ती तिथे जाते.

औषधं मूळ वेष्टनात आणि घटकाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह केबिनमध्ये ठेवा. एका देशात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. अ‍ॅम्फेटामिन असलेली एकाग्रतेची औषधं जपानमध्ये चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. कोडीन या वेदनाशामकावर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. मधला थांबाही याच तपासणीत धरा.

‘आपल्याच देशात तर जातोय’ म्हणून डॉक्टरांकडे न जाणं ही परदेशस्थ कुटुंबांची जुनी सवय आहे. प्रवास-वैद्यकात आप्तेष्टांना भेटायला जाणाऱ्यांचा वेगळाच गट मानतात, कारण मलेरिया आणि विषमज्वराचं प्रमाण त्यांच्यात हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त आढळतं. हे लोक जास्त दिवस राहतात, घरचं पाणी पितात, आणि लहानपणी अंगी आलेली मलेरियाची प्रतिकारशक्ती काही वर्षं दूर राहिल्यावर ओसरते हे त्यांना माहीत नसतं. परदेशात जन्मलेल्या मुलांकडे ती मुळात नसतेच. चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी घ्यायला हवी. पीतज्वराचं प्रमाणपत्र लागत असेल तर ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. विम्यातली खाच इथेच सांगतो. राहत्या देशाचा आरोग्य विमा बहुतेकदा सीमेबाहेर चालत नाही, आणि परदेशस्थांच्या अनेक आंतरराष्ट्रीय पॉलिसींत ‘मायदेश’ हा वगळलेला किंवा थोड्या दिवसांपुरता मर्यादित असतो. ते कलम शोधून वाचा.

विमानातलं आता थोडक्यात. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. कान दुखतात ते चढताना कमी, उतरताना जास्त, कारण कानाची नळी बाहेर जाणाऱ्या हवेला सहज उघडते, आत येणाऱ्या हवेला नाही. विमान उतरण्याच्या अर्धा तास आधी धाकट्याला जागं करून पाणी किंवा दूध थोडं थोडं पाजत राहा. सातवर्षाच्याला काहीतरी चघळायला द्या. झोपलेलं मूल गिळत नाही, म्हणून ते किंचाळत उठतं. झोप यावी म्हणून सर्दीची गुंगी आणणारी औषधं देऊ नका. काही मुलं त्याने उलट चेकाळतात, आणि हा शोध लागायची जागा विमान नव्हे.

मुक्कामी पोचल्यावरचे दिवस मात्र नीट समजून घ्या, कारण इथे सर्रास दिला जाणारा सल्लाच चुकतो. ‘सकाळी उठून उन्हात जा’ असं सगळे सांगतात. पण शरीराचं घड्याळ प्रकाशाने पुढे सरकतं की मागे, हे तो प्रकाश कधी मिळतो यावर ठरतं. रोजच्या उठण्याच्या वेळेच्या सुमारे तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्या क्षणानंतरचा प्रकाश झोप अलीकडे आणतो, त्याआधीचा पलीकडे ढकलतो. पूर्वेला गेल्यावर ती अलीकडे, म्हणजे लवकर, आणायची असते. तुम्ही एरवी सातला उठत असाल तर हा क्षण पहाटे चारचा. नऊ तास पूर्वेला गेल्यावर तो तिथल्या दुपारी एकला येतो. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात फिरायला नेलेलं मूल शरीराच्या हिशेबात रात्री अकराला दिवा लावून बसलेलं असतं. त्याचं घड्याळ उलट्या दिशेला जातं. तेव्हा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घरात, पडदे ओढून, मंद उजेडात राहा. एकनंतर सूर्य मावळेपर्यंत बाहेर. पुढे ही वेळ रोज तासभर अलीकडे आणा. घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे पूर्ण जुळायला आठ-नऊ दिवस लागतात. बरं वाटू लागतं चार-पाच दिवसांत. निघण्यापूर्वी तीन दिवस मुलांची झोपायची वेळ रोज पाऊण-एक तास अलीकडे आणली, तर तेवढंच काम आधी होतं.

पहाटे तीनला मुलं उठणारच. भुकेने उठतात, म्हणून हलकं काहीतरी हाताशी ठेवा. मोठा दिवा आणि पडदा दोन्ही बंद. दुपारची डुलकी तास-दीड तासावर जाऊ देऊ नका, नाहीतर रात्र गेली. मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक मोठ्यांनी अल्प मात्रेत घेतलं तर चालतं, मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

या पहिल्या तीन दिवसांत कुणाला भेटायचं कबूल करू नका. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा-काका यांच्या घरी रोज एक मुक्काम असं वेळापत्रक बनलं की मुलं रोज नव्या खोलीत जागी होतात. तीन आठवड्यांत मुक्कामाची घरं दोनच ठेवा आणि बाकीच्यांना तिथे बोलवा. आधी स्पष्ट सांगितलं तर कुणी रुसत नाही. आयत्या वेळी रद्द केलं की रुसतात. मायदेशी गाडीत बालआसन लागेल, त्याचा बंदोबस्त आधी करा. थंडीत फुगीर कोट घालून मुलाला पट्टा बांधू नका. धडकेत कोट दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल निसटू शकतं. पट्टा अंगाशी घट्ट बांधून कोट वरून पांघरा.

मागच्या घराकडे वळतो. पाइप फुटतो तो सहसा बर्फाच्या जागी नव्हे. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं, आणि बर्फाची गुठळी व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढून पाइप फुटतो. निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाणी जाऊ द्या, फ्लशची टाकी रिकामी करा, बाहेरच्या नळाचा होज काढा. हीटिंग पूर्ण बंद करू नका. १२-१३ अंशांवर ठेवा आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. पाण्यावर चालणारे रेडिएटर असतील तर त्यांचा पाणीपुरवठा वेगळा कसा राहतो, ते मेकॅनिकला आधी विचारा. घरविम्यात रिकाम्या घराबद्दल दिवसांची मर्यादा आणि हीटिंगची अट असू शकते, ती बघून कुणाकडे तरी किल्ली द्या. बाहेर उभी राहणारी गाडी हँडब्रेकवर ठेवू नका, ब्रेक चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा. बॅटरी जुनी असेल तर ऋण टोक सोडवून ठेवा. उतरलेली बॅटरी भरलेलीपेक्षा खूप लवकर गोठते.

वाटेत काही बिघडलं तर मुदती पाळा. आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासाच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मोडलेल्या बॅगेची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाची भरपाई माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग आली नाही तर सामानकक्षातून बाहेर पडण्याआधी लेखी नोंद करून क्रमांक घ्या. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं विमान बर्फामुळे रद्द झालं तर भरपाईची रक्कम मिळत नाही, पण जेवण, हॉटेल आणि पर्यायी विमान द्यावंच लागतं. काउंटरवर ‘हवामान आहे, आमची जबाबदारी नाही’ असं ऐकवलं जातं, ते अर्धंच खरं.

परतीला गणित उलटं होतं. घड्याळ पश्चिमेला लांबवणं सोपं, तरी तोच पहाटे चारचा क्षण आता संध्याकाळी सातला पडतो. म्हणून दुपारी तीन ते सात भरपूर उजेड हवा. हिवाळ्यात त्यातला बराच वेळ अंधार असतो, म्हणून घरातले सगळे दिवे लावा, मुलांना खेळवत ठेवा, आणि सातनंतर दिवे मंद करा. घरात पाणी सुरू करताना मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडा, प्रत्येक सांध्याशी ओल आहे का बघा. तीन आठवडे साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढू शकतो, म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर नेऊन प्रत्येक नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्या. शॉवरचं तोंड बादलीत बुडवून सोडा, म्हणजे तुषार नाकातोंडात जात नाहीत. मुलांच्या आंघोळी त्यानंतर.